नावापुरता ख्रिस्ती उरलोय, आता पुढे काय?

तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगतो. तुमचा जन्म ख्रिस्ती घरातला, मूळ गाव नगर जिल्ह्यात, आता पुण्यात आयटीत नोकरी. चर्चला जाणं म्हणजे नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर आणि कुणाचं लग्न नाहीतर माती. वर्गणी आई भरते. प्रार्थना जेवणापुरती, तीही लहान मुलगी आठवण करून देते म्हणून. देव नाही असं वाटत नाही पण आहे म्हणून आयुष्यात काही फरकही पडत नाही. मध्ये एका मित्राने त्याच्या नव्या चर्चला नेलं, तिथे गाणी, हात वर, रडणं, दोन रविवार फार बरं वाटलं आणि मग पुन्हा जैसे थे. मित्र म्हणतो तुझं तारणच (पापांतून सुटका) झालेलं नाही, लहानपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत, परत घे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: चर्च बदलू का, बाप्तिस्मा परत घेऊ का, आणि ती दोन रविवारची ‘आग’ टिकवायची कशी.

मी निवृत्त पाळक आहे, सीएनआयचा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा. बरीचशी सेवा नगर-श्रीरामपूर पट्ट्यात झाली, शेवटची काही वर्षं पुण्यात. हा प्रश्न घेऊन लोक कायम यायचे, बहुतेक वेळा उपासना संपून सगळे पांगले की मग, बाहेर स्कूटरजवळ उभं राहून, सहज विचारल्यासारखं करत. त्यामुळे मी तुमच्या तीन प्रश्नांना उत्तर देईनच, पण त्याआधी एक गोष्ट. तुमच्या लिहिण्यात मधेच एक ओळ कंसात आहे, ‘वडिलांच्या घराच्या वाटणीवरून मोठ्या भावाशी बोलणं बंद आहे म्हणून गावच्या चर्चला जायचं टाळतो’. बाकी सगळ्यावर तुम्ही परिच्छेद लिहिलेत आणि हे कंसात टाकलंत. माझा अनुभव असा की माणूस जे कंसात सांगतो तिथेच बहुतेक गोम असते, आणि मी या उत्तरात पुन्हा पुन्हा तिकडेच येणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते मान्य करून टाकू. झोप लागत नाही, भूक गेली, कामात, मुलीत, कशातच मन लागत नाही असं असेल तर आधी डॉक्टरकडे जा. डिप्रेशनला विश्वासाची कमतरता म्हणणारे पाळक मी पाहिलेत आणि त्यांनी लोकांचं नुकसानच केलंय. दुसरं, आपल्याकडे कित्येक घरं अशी आहेत की मनाने ख्रिस्ती आणि कागदावर नाहीत, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती शीख आणि बौद्ध झालेल्यांना पुढे मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. अशा घरातला माणूस चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून लवकर निघून जातो, त्याला मी अर्धवट म्हणणार नाही, त्याच्यावर कसला दाब आहे ते त्यालाच ठाऊक. तिसरं म्हणजे शिफ्टची नोकरी, घरात तान्हं बाळ, आजारी आईवडील, या काळात चर्च सुटतं, त्याला थकवा म्हणतात. तुमच्या लिहिण्यावरून तुमचं यातलं काही दिसत नाही. नोकरी ठीक, तब्येत ठीक, घर ठीक. आणि खरं सांगायचं तर ‘सगळं ठीक’ हीच अडचण आहे.

कोमट विश्वासाबद्दल बोलताना सगळे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातली लावदिकीयाची मंडळी काढतात, तू थंड नाहीस गरम नाहीस म्हणून तुला ओकून टाकीन ती. यावर प्रवचन बहुतेक असं असतं की गरम व्हा, जोरात गा, जोरात प्रार्थना करा. पण त्या भागाचा भूगोल बघा. आजच्या तुर्कस्तानात हे गाव होतं, एका बाजूला हेरापलीचे गरम पाण्याचे झरे, लोक उपचाराला जायचे, दुसऱ्या बाजूला कलस्सैचं थंडगार प्यायचं पाणी. गरमही उपयोगाचं आणि थंडही. लावदिकीयाला पाणी नळांतून लांबून यायचं, ना धड हे ना धड ते. आणि पुढच्याच वचनात कारण दिलंय, तुम्ही म्हणता आम्ही श्रीमंत आहोत आणि आम्हाला कशाची उणीव नाही. हे गाव खरोखरच तसलं होतं, इसवी सन ६० च्या भूकंपात पडलं तर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने परत उभं राहिलं. म्हणजे कोमटपणा हा भावनेचा प्रश्न नाहीच मुळी. ज्याला देवाची कशासाठीच गरज पडत नाही तो कोमट, मग तो गाण्याच्या वेळी कितीही रडो.

आपल्या नगरकडच्या लोकांना हे नीट कळायला हवं. अमेरिकन मराठी मिशनचं नगरचं ठाणं १८३१ चं. तुमच्या पणजोबांच्या, खापरपणजोबांच्या पिढीने जेव्हा बाप्तिस्मा घेतला असेल तेव्हा त्याची किंमत होती, भावकी तुटली, पाणवठ्यावरून भांडणं, लग्नं जमेनात. त्यांनी निवडलं. तुम्हाला मला ते आयतं मिळालं, आडनावासोबत. आयत्या मिळालेल्या विश्वासात वाईट काही नाही, मीही तसाच आलो, पण त्यात आपण एकदाही स्वतःच्या खिशातून काही घातलेलं नसतं. तुमची वर्गणीसुद्धा आई भरते! (ही गोष्ट छोटी आहे पण या महिन्यापासून तुम्ही भरा. यूपीआयने भरलीत तरी चालेल, पण स्वतः.)

आता तुमच्या मित्राचं म्हणणं की तुझं तारण झालेलं नाही. इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, मुलगी मनोरमेसह. त्यानंतर त्या अमेरिकेला गेल्या, पुस्तक लिहिलं, देशभर नाव झालं, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवायला लागल्या. बाहेरून बघणाऱ्याला यापेक्षा जास्त ख्रिस्ती आयुष्य ते काय असणार. आणि पुढे त्यांनी स्वतःच साक्षीत लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी बुद्धिमान बाई, पुराणांतले हजारो श्लोक मुखोद्गत, ग्रीक-हिब्रू पुढे शिकून बायबलचं मराठी भाषांतर करणारी, तिलाही आठ वर्षं लागली. तेव्हा तुम्ही लाज बाळगू नका. आणि हेही बघा की त्या वर्षं मोजतात ती बाप्तिस्म्यापासून. आधीचं सगळं खोटं होतं असं त्या म्हणत नाहीत, आधीचं अपुरं होतं असं म्हणतात, आणि या दोन्हींत फरक आहे. त्या अनुभवानंतर काय झालं तेही महत्त्वाचं. दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. त्या आत जास्त खोल गेल्या आणि बाहेर कामाला जास्त जुंपल्या गेल्या. ‘आग’ खरी की नुसती धग हे ओळखायची माझी खूण तीच आहे, तिच्यामुळे कोणाला जेवायला मिळालं का.

सगळ्यांना असं एका वर्षावर बोट ठेवता येतंच असंही नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं बघा, नवरा, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाला तेव्हा त्या दुःखाने वेड्या व्हायच्या बाकी होत्या, मग काही वर्षांनी त्याच्याकडे राहायला आल्या पण आपलं सोवळंओवळं सांभाळून, मग एकेक गोष्ट गळत गेली आणि १९०० साली बाप्तिस्मा. टप्प्याटप्प्याने. आणि खुद्द टिळक, इतकी गीतं अभंग लिहिले, मिशनमध्ये मान होता, तरी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढायला निघाले, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळ्यांना घेऊन. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर वीस-बावीस वर्षांनीही त्यांना वाटलं की अजून काहीतरी हातचं राखलंय. तुमचा मित्र म्हणतो तसं एक दिवस, एक क्षण, एक साक्ष, असं असेल तर चांगलंच. नसेल तर घाबरायचं कारण नाही.

तर हातचं राखणं. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा आहेत, जमीन विकली, थोडे पैसे ठेवून घेतले आणि प्रेषितांसमोर दाखवलं की सगळे आणलेत. पेत्र त्याला काय म्हणतो बघा, जमीन तुझीच होती, पैसेही तुझ्याच हातात होते. कमी दिलं म्हणून दोष नाही, कमी देऊन पूर्ण दिल्याचं दाखवलं म्हणून दोष. अर्धवट विश्वासाची माझ्याकडे आलेली बहुतेक माणसं अशीच होती. सगळं देवाला दिलेलं, फक्त एक खोली कुलूपबंद. कोणाची ती खोली म्हणजे पैसा, कोणाची ऑफिसातली कोणीतरी, कोणाची दारू, आणि आपल्या भागात सगळ्यात जास्त वेळा जमीन नाहीतर घर. एक गृहस्थ माझ्याकडे वर्षभर येत होते, प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून. उपवास करून झाले, कन्व्हेन्शनला जाऊन झालं. शेवटी एकदा बोलता बोलता कळलं की बहिणीला वाटा द्यायचा नव्हता म्हणून तिची सही न सांगता घेतली होती. मी म्हटलं आता प्रार्थना पुरे, आधी तलाठ्याकडे जा. ते रागावले, बरेच दिवस आले नाहीत. पुढे त्यांनी बहिणीचं नाव लावलं. त्या दिवशी स्वर्ग उघडला वगैरे काही झालं नाही. पण त्यानंतर प्रार्थनेत मन लागत नाही अशी तक्रार त्यांनी माझ्याकडे कधी केली नाही.

तुमच्या बाबतीत मत्तयचा पाचवा अध्याय सरळ लागू आहे, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर. क्रम बघा. आपण उलटं करतो, आधी आग येऊ दे मग भावाला फोन करतो म्हणतो. मी घरावरचा हक्क सोडा असं म्हणत नाहीये हां, वाटणी वकिलाकडून रीतसर होऊ दे, ते वेगळं. फोन मात्र तुम्ही करा. पहिल्या फोनला घराचा विषय काढायचा नाही, तब्येत, पाऊसपाणी, पोरं काय करतात, एवढंच. तो तोडून बोलला तरी पुढच्या महिन्यात परत करा. पौल रोमकरांना लिहितो की तुमच्याकडून होईल तितकं सगळ्यांशी शांतीने राहा, म्हणजे त्याच्याकडून काय होतं त्याचा हिशेब तुमच्याकडे नाही.

रोजचं काय करायचं. इथे लोक फार मोठं ठरवतात, पहाटे चारला उठून एक तास, वर्षात अख्खं बायबल, आणि तिसऱ्याच पुस्तकाच्या, लेवीयच्या आसपास गाडी बंद पडते. तुम्ही मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय, चारी शुभवर्तमानांत सगळ्यात लहान. रोज एक प्रसंग, पंधरा-वीस ओळी, छापील बायबलात, फोनवर नको कारण फोनवर ऑफिसचा मेसेज आला की संपलं. वाचून झालं की एकच बघायचं, येशू इथे कोणाला काय म्हणतोय आणि ते मला म्हणाला तर मी काय उत्तर देईन. उदाहरण देतो. दहाव्या अध्यायात तो एकच प्रश्न दोनदा विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? एकदा याकोब आणि योहानाला, त्यांना उजव्या-डाव्या बाजूची खुर्ची हवी असते. आणि थोड्याच ओळींनी आंधळ्या बार्तीमयाला, त्याला नुसतं दिसायला हवं असतं. आता हा प्रश्न तुम्हाला विचारला तर तुम्ही म्हणाल मला ती दोन रविवारची आग दे. हे मागणं खुर्चीवाल्यांच्या जवळचं आहे की बार्तीमयाच्या, ते तुम्हीच ठरवा. वाचल्यावर प्रभूची प्रार्थना, सावकाश, आणि ‘जसे आम्ही क्षमा करतो’ इथे भावाचं नाव मनात घ्या. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं टिळकांचं एखादं गीत म्हणा. सगळं मिळून वीस मिनिटं, त्याहून जास्त नको, निदान सुरुवातीला तरी.

रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं दिवस मागे फिरवून बघायचा. ही पद्धत इग्नेशियस लोयोलाची, आपल्याकडे ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स ज्या संघाचे त्या जेजुइटांचा हा संस्थापक. मी प्रॉटेस्टंट आहे पण चांगलं ते कुठूनही घ्यावं. हा आधी सैनिक होता, १५२१ मध्ये तोफेचा गोळा लागून पाय मोडला, अंथरुणात पडून स्वप्नं रंगवायचा. त्याच्या लक्षात आलं की दरबार, शौर्य, सुंदर स्त्रिया यांची स्वप्नं रंगवताना मजा येते पण नंतर कोरडं वाटतं, आणि संतांसारखं जगायचं स्वप्न रंगवलं की नंतरही बरं वाटत राहतं. तो नंतर काय उरतं ते बघायला शिकला. तर रात्री एवढंच, आज आभार कशाचे मानू, आज कुठे देवाजवळ होतो, कुठे मुद्दाम लांब गेलो, त्याची क्षमा, आणि उद्याची एक गोष्ट. तुमच्या मित्राच्या चर्चलाही हीच परीक्षा लावा. तिथून आल्यावर सोमवारी घरात तुम्ही कसे होता? बायकोशी जास्त नीट वागलात का? दोन रविवार बरं वाटलं एवढंच लिहिलंत, सोमवारचं काहीच लिहिलं नाहीत.

चर्च बदलायचं का, याचंही उत्तर याच इग्नेशियसकडे आहे. त्याचा नियम असा की मन कोरडं पडलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये, कारण त्या वेळी सल्ला देणारा आवाज भरवशाचा नसतो. आणि कोरडेपणाची कारणंही तो तीन देतो. आपला हलगर्जीपणा हे पहिलं, आपली परीक्षा हे दुसरं, आणि तिसरं म्हणजे गोडवा ही आपली कमाई नाही, दान आहे, हे कळावं म्हणून. तुमचं सध्या पहिलंच आहे, स्पष्ट बोलतो, कारण तुम्ही प्रयत्न केलाच नाहीये अजून. पण नियमित सुरू केल्यावर काही महिन्यांनी परत कोरडं वाटेल, ते दुसरं किंवा तिसरं असेल, तेव्हा पहिलंच समजून स्वतःला झोडपू नका आणि सोडूनही देऊ नका. स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. म्हणून म्हणतो, ईस्टर येईपर्यंत आहे त्या चर्चमध्ये दर रविवारी जा, पुढून तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसा, प्रभुभोजन चुकवू नका. प्रवचन कंटाळवाणं असेल, असतं, मीही दिलीत. त्यानंतर शांत मनाने ठरवलंत की दुसरीकडे जायचं, तर जा, माझी हरकत नाही. नव्या चर्चांमध्ये आपल्यापेक्षा जास्त बायबल वाचलं जातं हे मी मोकळेपणाने मान्य करतो. फक्त भावाला टाळण्यासाठी जसं गावचं चर्च टाळलं तसं स्वतःला टाळण्यासाठी हे टाळू नका.

बाप्तिस्म्याचं. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन झालं, त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारेही होते आणि बाप्टिस्ट, ब्रदरन असे मोठेपणी देणारेही. दोन्ही पद्धती ठेवल्या गेल्या, म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न भांडून नाही तर एकत्र बसून सोडवलाय. तुम्ही मोठे झाल्यावर दृढीकरण घेतलं असेल, तेव्हा आईबापांनी तुमच्या वतीने दिलेलं वचन स्वतःच्या तोंडाने दिलंत. ते पाठ करून म्हटलं असं म्हणाल, हरकत नाही, आता अर्थ कळून परत म्हणा. पाळकांना सांगा की मला वचनं पुन्हा घ्यायची आहेत, तशी सोय करता येते. परत पाण्यात उतरायचा निर्णय मित्राच्या दबावाखाली तर मुळीच नको. मित्राशी यावर वादही घालू नका, तो तुमच्या काळजीपोटीच बोलतोय.

शेवटी माणसं. एकट्याने हे टिकत नाही, रविवारच्या गर्दीतही टिकत नाही. दोन माणसं शोधा ज्यांना तुम्ही भावाची गोष्ट कंसाबाहेर सांगू शकाल. कॉटेज प्रेयरमधले, म्हणजे घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेतले एखादे शांत काका असतील, एखादा जुना तरुण संघातला मित्र असेल. पंधरवड्यातून एकदा चहाला भेटा आणि एकमेकांना सरळ विचारा, केलास का फोन? वाचलंस का? बाकी चर्चमधल्या राजकारणाच्या गप्पा तिथे नकोत, त्या सुरू झाल्या की संपल्याच.

तुम्ही बायकोबद्दलही लिहिलंय की तिला हे सगळं कंटाळवाणं वाटतं. तिला काही समजावू नका. तुम्ही वीस मिनिटं बसता तेव्हा मुलीला कोण बघतं, डबा कोण भरतो, ते आधी बघा. तुमचा आध्यात्मिक वेळ तिच्या कामातून कापून निघत असेल तर तिची चीड रास्त आहे. मुलगी जेवणाआधी आठवण करते ती करू दे, तिला एखाद्या दिवशी तिच्याच शब्दांत प्रार्थना करायला सांगा.

तेव्हा आजपासून मार्कचा पहिला अध्याय, या महिन्याची वर्गणी आणि भावाला फोन. यातलं तिसरं सगळ्यात जड जाईल आणि तुम्ही ते पुढे ढकलाल, म्हणून म्हणतो, आधी तेच करा. काय झालं ते जमलं तर कळवा.